दोन हजार लिटरमधून एक किलो शेवाळ

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी जैवइंधनासाठी शेवाळ काढून वाळवायची यंत्रणा हा प्रोजेक्ट घेतला, तेव्हा डोक्यात नुसती हिरवीगार टाकी होती. गाइड सरांनी टाकीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "एक किलो सुकं शेवाळ मिळवायला पाणी किती उपसणार, ते आधी सांगा." उघड्या टाकीत लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम माल असतो. म्हणजे दोन हजार लिटर. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ शेवाळाच्या इंधनावर संशोधन चालवलं, एक्झॉनमोबिलने २००९ मध्ये हात घातला आणि २०२३ मध्ये काढून घेतला. एवढे मोठे लोक कुठे अडकले असतील, याचा थोडा अंदाज त्या एका भागाकाराने आला.

आमचं शेवाळ क्लोरेला. पेशी दोन ते दहा मायक्रॉनची, कापडातून आरपार जाते. त्यात पेशींवर ऋण भार, त्यामुळे त्या एकमेकींना ढकलत राहतात आणि पाणी दिवसभर ठेवलं तरी हिरवंच. स्पिरुलिना धाग्यासारखी लांब, ती कापडाने सहज गाळता येते, पण तिच्यात तेल फारच कमी. डेअरीतला जुना क्रीम सेपरेटर मागून आणून चालवला. माल निघतो, पण भांड्याच्या आत लगदा साचला की थांबवा, उघडा, खरवडा, परत जोडा. शिवाय अर्ध्या किलोसाठी हजार लिटर पाणी गरगर फिरवायचं, ती वीज कुठल्या हिशेबात धरायची?

मग पेशी एकमेकींना चिकटवून, म्हणजे साकळवून, खाली बसवायचं ठरलं. तुरटीने काम होतं, पण ॲल्युमिनियम लगद्यात उतरतं आणि तेल काढल्यावर उरलेली पेंड जनावरांना घालता येत नाही. कोळंबीच्या टरफलांपासून बनणारं चिटोसान सगळ्यात स्वच्छ, आमच्या बजेटला महाग. शेवटी कामाला आलं ते आमच्या बोअरचं जड पाणी, ज्याला एरवी सगळे शिव्या घालतात. त्यात मॅग्नेशियम भरपूर. कॉस्टिक सोड्याने पीएच अकराजवळ नेला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका धरतो आणि पेशींना घेऊन खाली बसतो. काचेच्या बरणीत हे बघण्यासारखं असतं. आधी मिनिटभर जोरात ढवळायचं, मग अगदी हळू. एकसारखा हिरवा रंग हळूहळू फाटतो, कण दिसू लागतात, मोहरीएवढे होतात आणि अर्ध्या तासात वर नितळ पाणी राहतं. जोरात ढवळत राहिलं तर तयार झालेले कण परत फुटतात. नितळलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की पीएच उतरतो आणि तेच पाणी टाकीत परत जातं. शेवाळाला तो वायू हवाच असतो. लगद्यात राख वाढते हा तोटा आहेच. सौम्य आम्लाच्या पाण्याने धुतला की बरीचशी निघून जाते.

खाली बसलेल्या लगद्यात सुका माल पाच टक्क्यांच्या आसपास, बाकी पाणीच. तो मांजरपाटाच्या पिशव्यांत भरून चक्क्यासारखा रात्रभर टांगला आणि सकाळी स्क्रू जॅकखाली हळूहळू दाबला. घाई केली की कापड बुजतं. वीस टक्क्यांपर्यंत पोचलो.

या टप्प्याला आम्ही इतका जीव का लावला, तर पुढच्या आकड्यांमुळे. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. पाच टक्क्यांचा लगदा तसाच वाळवला तर किलोभर सुक्या मालामागे १९ किलो पाणी, म्हणजे ४५ मेगाज्यूल. किलोभर सुक्या शेवाळात एकूण ऊर्जाच वीस मेगाज्यूलच्या घरात. वीस टक्क्यांवर आणल्यावर पाणी चार किलो आणि उष्णता दहाच्या आत. तरीही शंभरात वीस भाग तेल धरलं, तर त्या तेलात सात-साडेसात मेगाज्यूलच असतात. म्हणजे विजेवर वाळवलं तर पिळूनसुद्धा तोटाच. हीटरचं चित्र ड्रॉइंगमधून त्याच दिवशी खोडलं. राहिलं ऊन.

ड्रायरचं खरं शिक्षण तासगावच्या एका बेदाणा शेडवर झालं. जाळीचे एकावर एक मजले, बाजूने शेडनेट, वारा आरपार. शेडवाले तात्या आमचा नमुना बोटाने दाबून म्हणाले, "एवढा जाड थर? वरनं वाळतंय आन् आत कुजतंय की रं पोरांनो." तसंच होत होतं. वर कडक पापुद्रा, आत ओलं आणि वास असा की नको. मग लगदा घरच्या सोऱ्यातून शेवेसारखा नायलॉनच्या जाळीवर पाडला. चहूबाजूंनी हवा लागली आणि प्रश्न मिटला. काचेखाली काळ्या रंगाचा पत्रा, त्यावरून तापलेली हवा छोट्या पंख्याने कपाटात. थेट ऊन मालावर पडू द्यायचं नाही, हिरवा रंग उडतो आणि तेल खवट होतं. हवा साठ अंशांच्या वर जाऊ दिली नाही. चांगल्या उन्हाच्या दिवशी, तीस टक्के कार्यक्षमता धरली तर, चौरस मीटरला अडीच किलो पाणी उडतं. ओलावा दहा टक्क्यांखाली आला की शेव कटकन मोडते. पावसाळ्यात हे सगळं बंद.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. "वाळवायचंच कशाला?" प्रश्न रास्त होता. ओल्या लगद्याचंच तीनशे ते साडेतीनशे अंशांवर, प्रचंड दाबाखाली कच्चं तेल करता येतं, आणि त्याला वीस टक्क्यांचा लगदा पुरतो. म्हणजे आमची निम्मी यंत्रणा तिथेही लागतेच, फक्त ड्रायर जातो. पण दोनशे बार दाबाचं भांडं कॉलेजच्या लॅबमध्ये कोण ठेवू देणार, असं मी म्हणालो. सर हसले आणि मांजरपाट किती टिकतं ते विचारलं. प्रत्येक घाण्यानंतर पातळ ॲसिडमध्ये बुडवून धुतलं तर बरंच टिकतं. नाही तर क्षार बसून पुढच्याच घाण्याला पाणी झिरपायचं थांबतं.