सहा जागा, सहा प्रश्न: घराभोवतीच्या कॅमेऱ्यांचा आराखडा कुठवर आला

घराभोवतीच्या कॅमेऱ्यांचा आराखडा कागदावर आता बऱ्यापैकी स्थिरावला आहे. सहापैकी चार जागा नक्की झाल्या आहेत, पाचवीची रात्रीची चाचणी बाकी आहे, आणि सहाव्या, म्हणजे नंबरप्लेट टिपण्यासाठीच्या कॅमेऱ्याबद्दल माझे मन अजून पुरते तयार नाही.

घराच्या चार कोपऱ्यांवर रुंद लेन्सचे चार कॅमेरे लावण्याची रूढ पद्धत मी सुरुवातीपासूनच बाजूला ठेवली. नकाशावर त्या कॅमेऱ्यांचे रंगवलेले त्रिकोण एकमेकांना भिडतात आणि सगळे आवार नजरेखाली आल्याचे समाधान मिळते. पण त्रिकोणाच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला किती पिक्सेल येतील, हे तो नकाशा सांगत नाही. म्हणून प्रत्येक जागेसमोर आधी एक प्रश्न लिहिला. इथे कोणीतरी आले आहे एवढेच कळणे पुरेसे आहे, की आलेला माणूस आपल्या ओळखीचा आहे का हे कळायला हवे, की पूर्ण अनोळखी माणसाचाही चेहरा निश्चित पटवता आला पाहिजे? आयईसी ६२६७६-४ या कॅमेरा-देखरेखीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत या पायऱ्यांना आकडे दिलेले होते: माणसाची चाहूल लागण्यासाठी दृश्याच्या रुंदीच्या दर मीटरला २५ पिक्सेल, त्याच्या हालचाली व पेहराव पाहण्यासाठी सुमारे ६२, ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी २५०.

या आकड्यांनी माझा आराखडा जवळजवळ स्वतःच काढून दिला. चार मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल असते, त्यामुळे २५० ची घनता हवी असेल तर दृश्याची रुंदी १०.२४ मीटरपेक्षा जास्त असून चालत नाही. २.८ मिमी लेन्सचा आडवा कोन साधारण १००° धरला, तर ही मर्यादा कॅमेऱ्यापासून ४.३ मीटरवरच संपते. माझे फाटक भिंतीपासून ९ मीटरवर आहे. तिथे हीच लेन्स दर मीटरला ११९ पिक्सेल देते, म्हणजे रोज येणारा माणूससुद्धा ओळखू येईल की नाही अशी काठावरची अवस्था. कॅमेरा आठ मेगापिक्सेलचा घेतला तरी २५० ची मर्यादा ४.३ वरून जेमतेम ६.४ मीटरपर्यंत सरकते. उलट चार मेगापिक्सेलच ठेवून ६ मिमीची, सुमारे ५४° कोनाची लेन्स घेतली, तर ती १० मीटरपर्यंत जाते. पिक्सेल वाढवण्यापेक्षा कोन आवळणे अधिक फळते, शिवाय त्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबल्याने रात्री होणारा तोटाही टळतो. फाटकासाठी ६ मिमी नक्की झाली ती या हिशेबाने. कॅमेऱ्यांची निवड करताना मेगापिक्सेलच्या आकड्याआधी सेन्सरचा आकार वाचावा, असे माझे ठाम मत आहे.

उंचीचा हिशेबही असाच सरळ आहे. कॅमेरा ३ मीटरवर आणि माणूस ४ मीटर अंतरावर असेल, चेहरा जमिनीपासून १.६ मीटरवर धरला, तर कॅमेरा सुमारे १९° खाली पाहतो. तोच कॅमेरा ५ मीटरवर चढवला की कोन ४०° होतो आणि चेहऱ्याऐवजी डोक्याचा माथा टिपला जातो. कोणाचा हात पोहोचू नये म्हणून कॅमेरा उंच लावण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक कॅमेरा दुसऱ्या एखाद्या कॅमेऱ्याच्या दृश्यात असणे. मी सगळे कॅमेरे ३ मीटरच्या आत ठेवतो आहे. अपवाद मुख्य दाराचा: तो चेहऱ्याच्या उंचीवर, दाराच्या चौकटीशेजारी असेल, कारण टोपीचा पुढचा पट्टा वरच्या कॅमेऱ्यापासून चेहरा सहज लपवतो.

सर्वांत जास्त वेळ रात्रीने घेतला आणि तो सार्थकी लागला. एका उभ्या वाशाला कॅमेरा बांधून, वासा वाळूच्या बादलीत रोवून आणि लांब केबल सोडून मी तो बाजूचा बोळ सोडून ठरवलेल्या प्रत्येक जागी अंधारात उभा केला आणि घरातल्यांना समोरून नेहमीच्या चालीने जायला सांगितले. स्थिर चित्र कोणत्याही कॅमेऱ्याचे छान दिसते. खरी परीक्षा चालत्या माणसाची. शटर १/२५ सेकंद उघडे राहिले तर सेकंदाला १.४ मीटर चालणारा माणूस तेवढ्यात ५.६ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे २५० च्या घनतेवर चेहरा १४ पिक्सेल फरफटतो आणि दिवसा मिळवलेली सगळी स्पष्टता वाया जाते. शटर १/१०० वर बांधून टाकले की ही फरफट साडेतीन पिक्सेलांवर येते, मात्र मग उजेड कमी पडतो. म्हणून फाटकाशी कॅमेऱ्यातल्या अंगभूत इन्फ्रारेड दिव्यावर (ज्याचा प्रकाश सेन्सरला दिसतो, डोळ्यांना जवळजवळ नाही) न विसंबता कॅमेऱ्यापासून दूर एक वेगळा इन्फ्रारेड दिवा लावायचे ठरवले आहे. त्याचा आणखी एक फायदा असा की, दिव्याकडे झेपावणारे किडे आणि त्यांच्यामागून येणारे कोळी लेन्ससमोर जमत नाहीत. तो ८५० नॅनोमीटरचा असेल. ९४० चा दिवा डोळ्यांना अजिबात दिसत नाही हे खरे, पण त्या तरंगलांबीला सेन्सर कमी प्रतिसाद देतो आणि पल्ला घटतो. छताच्या पुढे आलेल्या कडेखाली कॅमेरा अगदी वर चिकटवला तर अंगभूत दिव्याचा प्रकाश त्या कडेवरून परततो आणि बाकीचे चित्र काळवंडते, हेही वाशावरच्या चाचणीत दिसले.

बाजूच्या अरुंद बोळासाठी कॅमेरा ९०° फिरवून उभे चित्र घेणार आहे. याबद्दल एक समज सर्रास आढळतो, की फिरवल्याने दूरच्या माणसावर जास्त पिक्सेल पडतात. तसे होत नाही. लेन्स तीच असल्याने घनता तीच राहते. बदलते ते एवढेच की दोन्ही भिंतींवर खर्च होणारे पिक्सेल बोळाच्या लांबीवर लागतात आणि कॅमेऱ्याच्या पायथ्याशी राहणारा आंधळा पट्टा बराच आखूड होतो. मागच्या दाराच्या कॅमेऱ्यासमोर मावळता सूर्य येतो, त्यामुळे तिथे चांगला डब्ल्यूडीआर, म्हणजे प्रखर उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सांभाळण्याची क्षमता, असलेला कॅमेरा लागेल. गाडी उभी करण्याच्या जागेबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही, तिथे २.८ मिमी पुरते. हा कॅमेरा मूळ जागी ठेवला असता तर शेजाऱ्यांची खिडकी दृश्यात येत होती. सेटिंगमध्ये तेवढा भाग काळा करता येतो, पण शेजाऱ्यांना तो काळा चौकोन दिसत नसतो, त्यांच्याकडे रोखलेला कॅमेरा दिसतो. त्यामुळे मी जागाच बदलली.

नंबरप्लेटचा कॅमेरा हे वेगळेच प्रकरण आहे. प्लेटवरून इन्फ्रारेड जोरात परतत असल्याने शटर १/५०० किंवा त्याहूनही जलद ठेवावे लागते आणि मग रात्री प्लेट व दिवे सोडून बाकी चित्र काळेच राहते. म्हणजे या कॅमेऱ्याकडून दुसऱ्या कोणत्याही कामाची अपेक्षा ठेवता येत नाही, आणि केवळ प्लेटसाठी एक कॅमेरा राखून ठेवावा इतकी मला तिची गरज आहे का, यावर मी अडलो आहे.

वायरिंग पीओईने, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीने, होईल. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकाच्या पोर्टवर मिळणारे १५.४ वॉट या सर्व कॅमेऱ्यांना पुरेसे आहेत आणि सर्वांत लांब केबलही १०० मीटरच्या मर्यादेत सहज बसते. केबल शुद्ध तांब्याचीच घेणार. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल पीओईसाठी वापरू नये. बाहेरच्या प्रत्येक जंक्शन बॉक्समध्ये केबल खालून शिरेल आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ असेल, म्हणजे पावसाचे पाणी तिथेच ठिबकून जाईल. रेकॉर्डिंग अखंड ठेवायचे आहे: ४ एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी भरतो, सहा मिळून सुमारे २५९ जीबी, तेव्हा ४ टीबीच्या डिस्कवर पंधरा दिवस राहतात. कॅमेऱ्यांना थेट इंटरनेट मिळणार नाही, ते वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे घरच्या नेटवर्कच्या स्वतंत्र केलेल्या भागात, राहतील. २०१६मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते, तेव्हा पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलले जातील.

आता बोळातली रात्रीची चाचणी उरली आहे. ती झाली की भिंतींना भोके पाडण्याचे काम सुरू होईल. नंबरप्लेटचा निर्णय तोवर झाला नाही, तरी फाटकाकडे एकाऐवजी दोन केबली ओढून ठेवणार आहे.