भर पावसात पीव्हीसी कयाकचे पॅच : जुलैची नोंद

बोट दोन जणांची, हवा भरून फुगवायची. बाजूच्या दोन नळ्या, प्रत्येकी 3 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). तळ ड्रॉप-स्टिचचा (वरचं-खालचं कापड आतून असंख्य धाग्यांनी जोडलेलं, म्हणून फुगला की फळीसारखा सपाट), 10 पीएसआय. कापड जाळीवर चढवलेलं पीव्हीसी. उन्हाळ्यात धरणाचा काठ आणि कोकणातली खाडी दोन्ही झाल्यामुळे दुखणीही दोन्हीकडची आहेत. खरं तर हे काम मे महिन्यात उरकायला हवं होतं. जुलैत ग्लू लावायचा म्हणजे अर्धी लढाई हवेतल्या ओलाव्याशी, म्हणून या नोंदीत पॅचपेक्षा ओलाव्याची बडबड जास्त आहे.

दिवस 1, संध्याकाळी 6. खोलीत 28 अंश

नळ्या 3.0, तळ 10.0 भरला. तळाने वाट पाहायला लावली नाही. पंधरा मिनिटांत 10 वरून 4 वर आला, कान लावला की बारीक 'सूं' ऐकू येतं. नळ्या रात्रभर तशाच ठेवल्या.

दिवस 2, सकाळी 6. खोलीत 24 अंश

डावी नळी 0.4, उजवी 2.1.

उजवीचं 2.1 पाहून लगेच छिद्र शोधायला धावू नये, आधी तापमानाचा हिशेब करावा. गेज दाखवतो ते वातावरणाच्या वरचं प्रेशर, पण हवा आक्रसते ती एकूण प्रेशरच्या प्रमाणात. पुण्याच्या उंचीवर वातावरणाचे साधारण 13.7, त्यावर गेजचे 3, एकूण 16.7. 28 अंश म्हणजे 301 केल्विन. चार अंश उतरले की 16.7 चा 301 पैकी 4 इतका हिस्सा जातो, म्हणजे जवळपास 0.2. तेव्हा सकाळी 2.8 दिसलं असतं तर नळी निर्दोष. 2.1 म्हणजे बारीक का होईना, गळती आहे.

याच हिशेबाने मे महिन्यात 40 अंशांत काठावर 3.0 भरून 28 अंशांच्या पाण्यात उतरवलेली नळी 2.4 च्या घरात येते. तिला काही झालेलं नसतं, पाण्यात पाच मिनिटं थांबून वरून थोडी हवा भरायची. उलट पाण्यातून काढलेली टम्म बोट उन्हात तशीच टाकली की प्रेशर चढतं आणि शिवण उसवते. ते दुखणं मात्र या नोंदीतल्या उपायांनी बरं होत नाही.

दिवस 2, दुपार. छिद्रं शोधणं

एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन मोठे चमचे, फवारणीच्या बाटलीत. क्रम ठरलेला : आधी व्हॉल्व्ह, मग शिवणी, मग डी-रिंगांचे (दोरी बांधायच्या कड्यांचे) बूड, शेवटी उघडं कापड. बहुतेक जण उलट सुरुवात करतात आणि तासभर कापड न्याहाळत बसतात.

उजवी नळी : व्हॉल्व्हच्या मधल्या पिनेभोवती दर तीन-चार सेकंदांनी एक जाड बुडबुडा. इथे पॅचचं कामच नाही.

डावी नळी : पाण्याच्या रेषेच्या जरा वर, मोहरीएवढ्या बुडबुड्यांचा न थांबणारा पुंजका. बाभळीचा काटा. भिंगातून पाहिलं तर टोक कापडातच मोडून राहिलेलं. चिमट्याने काढलं. हे टोक आत राहिलं तर पॅच उत्तम बसतो आणि महिन्याभरात त्याच जागी खालून पुन्हा टोचतं.

काट्याच्या बाबतीत आणखी एक. बोट घडी घालून काठावरून ओढताना काटा लागला असेल तर तो एका थरावर थांबत नाही. म्हणून पहिलं छिद्र सापडलं की हवा काढून बोट नेहमीसारखी घडी करायची आणि त्या छिद्राच्या समोर घडीचा कोणता भाग येतो ते पाहायचं. इथे डाव्या नळीच्या आतल्या बाजूला, छिद्रापासून वीतभर अंतरावर, दुसरं छिद्र निघालं. ते इतकं बारीक की 3 पीएसआयलाही दहा-बारा सेकंदांनी एकच बुडबुडा यायचा.

तळ : खालच्या अंगाला 5 मिमीची चीर, कडा सरळ, ब्लेडने मारल्यासारखी. खडकावरच्या कालवांची धार अशीच कापते. मात्र बुडबुडे चिरेवर कमी आणि तिथून 4 सेंमीवर असलेल्या शिवणपट्टीच्या कडेला जास्त येत होते. ड्रॉप-स्टिचमध्ये हे नेहमी फसवतं. हवा पीव्हीसीच्या थराखालच्या जाळीच्या धाग्यांतून सरकते आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडते. शिवण गळतेय असं समजून पट्टीला ग्लू फासला की पैसे आणि आठवडा दोन्ही वाया. खात्री अशी केली : चीर बोटाने घट्ट दाबून धरली, पट्टीवरचे बुडबुडे थांबले. दोष चिरेचा.

खुणा पेन्सिलीने. बॉलपेनची शाई सॉल्व्हंट लागताच पसरते आणि ग्लूखाली जाऊन बसते.

दिवस 2, संध्याकाळ. उजव्या नळीचा व्हॉल्व्ह

हवा पूर्ण काढली. आतला नट कापडावरून एका हाताने पकडला, दुसऱ्या हाताने स्पॅनर लावून व्हॉल्व्ह उघडला. नट पकडला नाही तर तो नळीत पडतो आणि मग नळीत तो चाचपत बसावं लागतं. रबरी चकतीखाली वाळूचे दोन कण. साध्या पाण्याने धुतलं, सुकवलं, चकतीवर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. पेट्रोलियम जेली लावू नये, तिने काही रबरं फुगतात. परत बसवताना हाताने घट्ट आणि त्यापुढे स्पॅनरचा पाव फेरा, बस्स. पिन वर आली म्हणजे बंद, खाली दाबून फिरवली म्हणजे उघडा.

दिवस 3. ग्लू आणि ओलावा

आधी काय लावू नये ते. सायकलच्या पंक्चरचं रबर सोल्युशन पीव्हीसी धरत नाही. पंक्चरवाल्याचा हॉट पॅच तर कापडच वितळवतो. चपला-फर्निचरचा निओप्रीन ग्लू पहिले काही दिवस इतका छान धरतो की माणूस फसतो. पण पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं प्लॅस्टिसायझर हळूहळू ग्लूत उतरतं आणि ग्लूचा चिकट लगदा होतो. प्लंबरचं पाइप सिमेंट, एम-सील आणि फेविक्विक तिन्ही कडक होतात. बोट फुगते, दुमडते, यांना तडा जातो. शिवाय या सगळ्यांचे अवशेष नंतर खरवडून काढावे लागतात, तोच खरा छळ.

पीव्हीसीला दोन घटकांचा पॉलियुरेथेन ग्लू. हार्डनर, म्हणजे ग्लू घट्ट करणारा दुसरा घटक, वजनाच्या साधारण 4 ते 5 टक्के, पण डब्यावरचा आकडा अंतिम. 10 ग्रॅम ग्लूला 0.5 ग्रॅम हार्डनर, सोनाराच्या खिशातल्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजून. अंदाजाने थेंब टाकले आणि हार्डनर जास्त पडला तर जोड ठिसूळ होतो, कमी पडला तर उन्हात सरकतो. हार्डनर ओलावा शोषून खराब होतो. बाटलीत गढूळपणा किंवा खडे दिसले की फेकून द्यायची.

आता पावसाळा. सकाळी गॅलरीत 24 अंश आणि 86 टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो, 21.5 अंशांच्या आसपास असतो. ग्लूतलं सॉल्व्हंट उडताना ग्लूचा थर काही अंशांनी गार पडतो, सहज दवबिंदूच्या खाली जातो आणि त्यावर न दिसणारं दव बसतं. एसीच्या खोलीत 26 अंश आणि 55 टक्के असेल तर दवबिंदू 16 वर येतो, मग धोका टळतो.

हे नुसतं वाचून पटत नाही, म्हणून बोटीला हात लावण्याआधी त्याच कापडाच्या 2 सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्यांच्या जोड्या केल्या. एकच ग्लू, एकच वेळ. एक जोडी गॅलरीत चिकटवली, दुसरी एसीत. चोवीस तासांनी ओढून पाहिल्या. गॅलरीतली कांद्याच्या पातीसारखी सरळ सुटली, ग्लू एकाच बाजूला राहिलेला आणि त्यावर दुधाळ झाक. एसीतली ओढताना कापडावरचा रंगीत थर उचलला गेला आणि खालची पांढरी जाळी दिसली. जोड कापडापेक्षा मजबूत झाला, अजून काय हवं.

दिवस 4. पॅच

बोट आदल्या रात्रीपासून एसीत, व्हॉल्व्ह उघडे. कापडाच्या घड्यांत अडकलेला ओलावा निघायला तेवढा वेळ लागतोच.

पॅच त्याच जातीच्या कापडाचे, गोल. काट्याच्या छिद्रांना 6 सेंमी व्यासाचे, वाटी ठेवून आखलेले. तळाला 8 सेंमीचा, कारण तिथे 10 पीएसआय आहे. चौकोनी कापू नयेत, कोपऱ्यातून उचलायला सुरुवात होते. काम हवा काढूनच, खाली सपाट फळी. फुगलेल्या नळीवर लावलं तर छिद्रातून येणारी हवा ओल्या ग्लूत भोक पाडते.

साफसफाई एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या सॉल्व्हंटने, सुती पांढऱ्या फडक्यावर, एका दिशेने, दोनदा. पीव्हीसी जरासं चिकट लागलं की थांबायचं. पेंटवाल्याकडचा थिनर कशाकशाचं मिश्रण असतो, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल आणि सुगंध असतो, दोन्ही नकोत. एमईके शून्याखालच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती, सिगारेट काही नको. निळे नायट्राइल हातमोजे त्यात फार टिकत नाहीत, ब्यूटाइल रबराचे घ्यावेत. एसी हवा बदलत नाही, तीच फिरवतो. म्हणून सेंद्रिय वाफांच्या कार्ट्रिजचा मास्क, मिश्रण एका वेळी 10 ग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि लेप दिला की माणसाने खोलीबाहेर. लहान मुलं आणि मांजर त्या दिवशी दुसऱ्या खोलीत.

पहिला लेप पातळ, पॅचला आणि बोटीला दोन्हीकडे. 30 मिनिटं. दुसरा लेप पहिल्याला आडवा. 10 मिनिटं, बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर चिकटल्यासारखं वाटावं पण ग्लूची तार येऊ नये. मग दोन्ही बाजूंना हेअर ड्रायर, हाताला चटका बसेल इतपत. व्हॉल्व्ह या वेळी उघडे असलेच पाहिजेत, नाहीतर आतली हवा तापून फुगते आणि छिद्रातून वर येऊन पॅचच्या मधोमध फोड उठवते.

पॅच मध्यापासून टेकवत बाहेर नेला. एकदा टेकला की सरकत नाही, म्हणून पेन्सिलीची '+' अशी खूण आधीच जुळवलेली हवी. दाबायला छोटा रोलर, नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ, मध्याकडून कडेकडे. लाटणं कुणी सुचवेल, पण ते पसरट दाबतं, कडा तशाच राहतात (आणि स्वयंपाकघरातून परवानगी मिळत नाही ती वेगळीच). त्यावर फळी आणि 10 लिटर पाण्याची बादली.

हायपलॉनच्या बोटीला यातलं अर्धं बदलतं. हे ड्यूपाँटचं व्यापारनाव. त्यांनी 2010 मध्ये उत्पादन थांबवलं, नाव मात्र त्या जातीच्या रबराला चिकटून राहिलं. तिथे पृष्ठभाग 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासावा लागतो, टोल्यूइनने पुसावा लागतो, आणि ग्लू निओप्रीन जातीचा, हार्डनरसकट. म्हणजे पीव्हीसीवर जो नको म्हटला त्याचाच दोन घटकांचा भाऊ. जाळी नसलेल्या पातळ व्हिनाइलच्या स्वस्त बोटींना एवढा खटाटोप नको, टेअर-एड या तयार चिकट पॅचचा टाइप बी पुरतो. टाइप ए व्हिनाइलसाठी नाही, पाकिटावरचं अक्षर पाहून घ्यावं.

दिवस 5. 24 तास

बादली काढली. तळाचा पॅच सपाट. डाव्या नळीच्या बाहेरच्या पॅचची कड 4 मिमी उचललेली. कारण उघड आहे : मास्किंग टेप खुणेच्या आत सरकली होती, तिथे बोटीवर ग्लूच नव्हता. टूथपिकने ताजा ग्लू आत सारला, 10 मिनिटं थांबून ड्रायर, चमचा, पुन्हा वजन. टेप नेहमी खुणेच्या 3 मिमी बाहेर लावायची. बाहेर आलेला ग्लू खराब दिसतो खरा, पण धरतो. हवा आज भरायची नाही.

दिवस 7, संध्याकाळ. 72 तास. खोलीत 27 अंश

आधी निम्मं प्रेशर, साबण फवारला, काही नाही. अर्ध्या तासाने पूर्ण : नळ्या 3.0, तळ 10.0.

दिवस 8, संध्याकाळी त्याच वेळी, 27 अंश

डावी 3.0, उजवी 2.9, तळ 9.9. तापमान तेच, त्यामुळे तापमानाचा हिशेब नको. बरेच दिवस रिकामं पडलेलं कापड पहिल्या दिवशी थोडं ताणतं, 0.1 त्यातच गेलं असावं. तरी उजव्या व्हॉल्व्हवर पुन्हा फवारून दहा मिनिटं पाहिलं, बुडबुडा नाही. उजवी आणखी दोन रात्री भरलेली ठेवतोय. डाव्या पॅचच्या त्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारली आहे, सुटायला लागली तर रेघ तुटलेली दिसेल.