भीतीचा पाठ आणि 'रिव्हिजन रिक्वायर्ड'

एका ऑनलाइन शिकवणी कंपनीमार्फत तैवानमधल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना घरबसल्या इंग्रजी शिकवायचं, असं ठरवलं तेव्हा नोंदणी, उच्चारांची चाचणी, बँकेचे कागद हे सगळं बिनबोभाट झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही. गाडी अडली ती पाठ मंजूर करून घेताना, आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

पद्धत अशी असते: विषय कंपनीवाले देतात, स्लाइड्स आपण करायच्या, त्यांचा कोणीतरी तपासनीस त्या पास करणार, मगच तास वेळापत्रकावर दिसणार. तास नाही तर पैसे नाहीत. मला विषय मिळाला 'टोकाची भीती'. मी खूश झाले. चिनी बोलणाऱ्या मंडळींना मी आधीपासून खासगी शिकवत होते, त्यामुळे ती या विषयात कुठे घसरतात ते मला पाठ होतं.

चिनीत 'पा' हे साधं क्रियापद. 'वो पा गोऊ' म्हणजे मी कुत्र्याला घाबरतो. ते तसंच्या तसं इंग्रजीत येतं आणि होतं 'आय अफ्रेड डॉग'. मधला 'ॲम' गायब, 'ऑफ' गायब. दुसरी गंमत 'आय ॲम व्हेरी स्केरी'. बिचारा सांगत असतो की मला भीती वाटते, ऐकणाऱ्याला कळतं की या माणसाला बघून भीती वाटते. खरं तर चिनीत दोन्ही शब्द नीट वेगळे आहेत: घाबरलेला तो 'हाय-पा', भीतीदायक ते 'ख-पा'. म्हणून मी स्लाइडवर दोन खुंट्या काढल्या. 'हाय-पा'च्या खुंटीवर स्केअर्ड, टेरिफाइड, पेट्रिफाइड. 'ख-पा'च्या खुंटीवर स्केरी आणि टेरिफाइंग. तिसरी सवय 'व्हेरी टेरिफाइड'. चिनीत विशेषणाआधी 'हन', म्हणजे 'खूप', लावायची इतकी सवय असते की 'व्हेरी' आपोआप येतो. टेरिफाइड मुळातच टोकाचा शब्द. त्याला 'ॲब्सोल्यूटली' शोभतो, 'व्हेरी' नाही.

हे सगळं पाठवलं. चांगलीच वाट बघायला लावून उत्तर आलं: 'रिव्हिजन रिक्वायर्ड. व्होकॅब्युलरी टू बेसिक. ॲड मोअर फोबियाज.'

बस्स. नाव नाही, गाव नाही. सोबत नमुना म्हणून एक यादी होती, आणि तिच्यात सगळ्यात वर 'ट्रिस्कायडेकाफोबिया', म्हणजे तेराची भीती. अहो, तैवानमध्ये! तिथे माणसं तेराला नाही, चाराला दबकतात, कारण 'चार' आणि 'मरण' यांत फक्त सुराचा फरक. कित्येक इस्पितळांत चौथा मजलाच नसतो, तिसऱ्यानंतर थेट पाचवा.

मी सविस्तर उत्तर लिहिलं. उंचीला घाबरणारा इंग्रज 'आय ॲम स्केअर्ड ऑफ हाइट्स' म्हणतो; 'ॲक्रोफोबिया' तो बहुधा फक्त शब्दकोड्यात लिहितो. ही ग्रीक नावं डॉक्टरांच्या गरजेतून आली. बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली मोकळ्या चौकांत गर्भगळीत होणाऱ्या रुग्णांसाठी 'ॲगोराफोबिया' वापरला, आणि मग तशा शब्दांची रांगच लागली. बोलण्यात रुळला तो 'क्लॉस्ट्रोफोबिक', म्हणजे बंद जागेला घाबरणारा, कारण लिफ्ट आणि एमआरआय सगळ्यांच्याच नशिबी.

उत्तर? आधी यंत्राचं: 'युअर क्वेरी इज इम्पॉर्टंट टू अस.' मग शांतता. स्लाइड्स पुन्हा पाठवल्या की आपला नंबर परत रांगेच्या शेपटाला जातो, हे नियमावलीत कुठेही लिहिलेलं नाही. किरकोळ शुद्धलेखन सुधारून 'सबमिट' दाबायचा मोह होतो, दाबू नका. चॅटवर विचारलं तर एक बाई अतिशय गोड भाषेत तेच वाक्य परत पाठवत. तेव्हा कळलं की इथे युक्तिवाद चालत नाही. तपासनीस स्लाइडवरचे मोठे शब्द मोजतो आणि शेरा मारतो.

मग मीही मोजून दिले. शेवटच्या स्लाइडवर चौकट काढली, तिच्यात ॲक्रो, ॲरॅक्नो (कोळ्यांची भीती), ॲगोरा आणि क्लॉस्ट्रो ही फोबिया मंडळी बसवली, प्रत्येकाखाली चिनी शब्द दिला. बाकीच्या स्लाइड्सना हातही लावला नाही. पाठ पास! शेरा: 'मच इम्प्रूव्ड.'

चौकट मात्र मी वाया जाऊ दिली नाही. तरुण तैवानी सर्रास 'श-खुंग' म्हणतात, सोशल फोबियाचं लघुरूप, आणि ते विशेषणासारखं वापरतात. त्यातून 'आय ॲम सोशल फोबिया' जन्माला येतं. फोबिया असतो, माणूस स्वतः फोबिया नसतो. 'आय हॅव अ फोबिया ऑफ' हे वाक्य त्यांच्याकडून घोटून घ्या. नुसता लाजाळूपणा असेल तर 'आय ॲम रिअली शाय' पुरे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात (२०१३) फोबियासाठी भीती धोक्याच्या मानाने अवास्तव हवी, साधारण सहा महिने किंवा जास्त टिकलेली हवी आणि खूप त्रास देणारी किंवा रोजच्या जगण्यात आड येणारी हवी. हे सांगितल्यावर वर्गातल्या एका काकूंनी झुरळांचा फोबिया मागे घेतला आणि 'स्केअर्ड टू डेथ'वर समाधान मानलं. तो वाक्प्रचार त्यांना लगेच पटतो, कारण चिनीतही घाबरून मरायचीच पद्धत आहे: 'श्या स वो ल'.

हो, एक राहिलंच. तैवानसाठी चिनी अक्षरं पारंपरिक लिपीतली द्या; मुख्य भूमीवरची सोपी केलेली अक्षरं टाकली तर त्यावरून वेगळा शेरा येतो. उंचीच्या भीतीला तैवानमध्ये 'ज्यू-गाओ-जंग' म्हणतात, पलीकडे 'खुंग-गाओ-जंग'. हेही तिथल्या माणसाकडून तपासून घ्या, भाषांतराच्या ॲपवर विसंबू नका. आणि गच्च भोकांच्या भीतीचा शब्द शिकवताना कमळाच्या बोंडाचा फोटो लावू नका. तो शब्द तिकडे फार लोकप्रिय आहे, त्यामुळे वर्गात कोणीतरी हमखास निघतं आणि कॅमेरा बंद करून बसतं. हजेरी कॅमेऱ्यावरून धरतात, आणि पैसे हजेरीवरून.