सांध्यांत लपलेल्या खुणा

अ‍ॅसिरियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधील प्राचीन साम्राज्याच्या, राजवाड्यांचा विषय निघाला की पंख असलेले मानवमुखी बैल आणि जिप्समच्या शिळांवर कोरलेल्या लढाया व शिकारी आठवतात. दरवाज्यांवर बसवलेल्या झिलईदार, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप चढवलेल्या, विटांकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. माझेही बरीच वर्षे गेले नव्हते.

ते वेधून घेतले निमरूदच्या, म्हणजे प्राचीन कल्हूच्या, एका फलकाने. तिसरा शाल्मनेसर या राजाने (इ.स.पू. ८५८-८२४) तेथे बांधलेल्या विस्तीर्ण वास्तूतील एका दरवाज्यावर ३०० हून अधिक विटांचे, सुमारे ४ मीटर उंच चित्र होते: पंखधारी चक्राखाली समोरासमोर उभी असलेली राजाचीच दोन रूपे, त्यांच्या वर एका झाडाच्या दोन बाजूंना झेपावणारे बैल आणि भोवती नक्षीची किनार. बॅबिलोनच्या इश्तार दरवाज्यावरचे प्राणी साच्यातून काढलेले, उठावदार आहेत. येथे विटेचा पृष्ठभाग सपाट असून सारी भिस्त रेषेवर आणि रंगावर आहे. त्यामुळे राजाची दाढी एका विटेवर सुरू होऊन दुसरीवर संपते, आणि एक जरी वीट चुकीच्या जागी बसली तरी चित्र बिघडते. म्हणूनच कारागिरांनी विटांच्या वरच्या बाजूवर जुळणीच्या खुणा केल्या होत्या. भिंत उभी राहिली की त्या सांध्यांत कायमच्या झाकल्या जाणार होत्या. मला राजाच्या दोन्ही रूपांपेक्षा या खुणाच अधिक बोलक्या वाटतात, कारण त्या केवळ शेजारी काम करणाऱ्या गवंड्यासाठी होत्या.

रंगांमागेही पक्के ज्ञान होते. अशा झिलईत पिवळा रंग शिसे व अँटिमनी यांच्या संयुगाने येई, पांढरा कॅल्शियम व अँटिमनी यांच्या संयुगाने, तर हिरव्या छटांसाठी तांबे वापरले जाई. दुर्दैवाने अल्कयुक्त झिलई ओलसर मातीत हळूहळू झिजते; उत्खननात सापडलेल्या अनेक विटा त्यामुळेच फिकट दिसतात.

पुढचा राजा दुसरा सार्गोन याच्या खोर्साबाद या राजधानीत, इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस, याच तंत्राने सिंह, गरुड, बैल, झाड आणि नांगर अशी चित्रे मंदिरांच्या दर्शनी भागावर ओळीने मांडली गेली. काही अभ्यासक त्या ओळीत राजाचे नाव व बिरुदे चित्रलिपीत वाचतात. हे वाचन खरे असेल, तर निमरूदच्या विटांवर आतल्या बाजूला गवंड्यासाठी लिहिले होते आणि खोर्साबादच्या विटांवर बाहेरच्या बाजूला देवांसाठी.