गप सही कर

कोर्टासमोरच्या आमच्या दुकानात दोन टेबलं, एक झेरॉक्स मशीन आणि एक पंखा. पंखा लावला की कागद उडतात, बंद केला की अशील उठून जातं. आधी मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचो. ती नोकरी तात्पुरती निघाली, आणि गेली वीस वर्षं इथं भाषांतरं करतोय. मराठी, कन्नड, इंग्रजी, कशातलंही कशात. बेळगावात ह्या धंद्याला मरण नाही. माणसं भांडतात मराठीत, उतारा निघतो कन्नडमधे आणि वकील लढतात इंग्रजीत. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदावर ‘बेळगावी’ लिहायचं, तोंडात बेळगावच.

मावशी खानापूर तालुक्यातल्या. पावसाचे दिवस, त्यामुळं कागद एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि वर सुतळी. वडील वारले, मागं दोन भाऊ आणि ह्या. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आला, आणि तेव्हापासून हक्कसोडपत्रांचं काम आमच्याकडं चांगलंच वाढलंय. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला ओवाळणी मिळते आणि सहीला कागदही. मावशींनी ज्यावर सही केली ते ‘हक्कु बिडुगडे पत्र’ कन्नडमधे. त्यांना वाचता येतं फक्त मराठी, तेही ठळक अक्षर असलं तर. आता तो कागद रद्द करून मागायचा दावा होता. सही कशी घेतली गेली, ह्यावरच सगळं अडलेलं.

दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची आपल्याच बाजूनं होणारी साक्ष, २००२ पासून शपथपत्रावर होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून गोष्ट सांगत नाही, गोष्ट आधी टाइप होते आणि तो फक्त उलटतपासणीला उभा राहतो. म्हणजे त्याच्या तोंडचे शब्द आमच्यासारख्यांच्या टेबलावर ठरतात. आठवडाभर आधी मी मावशींचं सगळं म्हणणं वहीत मराठीत उतरून घेतलं होतं. त्याचं इंग्रजी केलं, वकील साहेबांनी दोन ठिकाणी पेन फिरवलं, आणि त्या दिवशी फक्त सही व्हायची होती.

इंग्रजी शपथपत्राच्या शेवटी एक ओळ असते: वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, समजावून सांगितला व तो मला समजला. ही ओळ टाइप करणं आणि ती पाळणं, ह्यात अंतर आहे. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा कित्येकदा पाच मिनिटांत सारांश सांगून मोकळा झालोय. त्या दिवशी नोटरी साहेब चहाला गेलेले, बाहेर पाऊस धो धो. म्हटलं, वाचूया अख्खं.

अकराव्या परिच्छेदात वाक्य होतं: ‘माय ब्रदर टोल्ड मी क्वाएटली टू साइन द डॉक्युमेंट...’ मी न थांबता मराठी करत गेलो. “भावानं मला हळू आवाजात कागदावर सही करायला सांगितलं.”

“हळू?” मावशी म्हणाल्या. “हळू कवा म्हणाला की तो? अख्ख्या गल्लीत ऐकू गेलं. मी तसं सांगितलो नाही, मास्तर.”

मी वही काढली. माझ्याच अक्षरात होतं: “गप सही कर की, म्हणून वरडला.”

गप सही कर! ह्यात भावाचा आवाज चढलेला आहे आणि बहिणीचं तोंड बंद केलेलं आहे. माझ्या इंग्रजीत आवाज भावाचा उतरला होता, आणि बहीण जणू समजूत पटून सही करत होती. दोष सगळा त्या ‘क्वाएटली’चा. मी त्याला ‘टोल्ड’ आणि ‘टू साइन’ ह्यांच्या मधोमध बसवलं होतं. तिथून ते दोन्हीकडं बघतं. मागं बघितलं तर सांगणं हळू, पुढं बघितलं तर सही गुमान. लिहिताना माझ्या डोक्यात दुसरा अर्थ होता आणि आठवड्यानं वाचताना माझ्याच तोंडून पहिला निघाला. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं मग काय केलं असतं? “बाई, तुमच्याच शपथपत्रात आहे, भावानं शांतपणे सांगितलं.” कराराच्या १८७२ च्या कायद्यात पंधरावं कलम जबरदस्तीचं, सोळावं गैरवाजवी दबावाचं, दोन्हींचा आधार आमच्याच हातानं निसटला असता.

मग खटाटोप सुरू झाला. ‘क्वाएटली’ वाक्याच्या शेवटी नेलं. पण वाक्य पुढं ‘पुतण्यानं माझ्यापुढं ठेवलेला कागद’ असं जात होतं, त्यामुळं पुतण्यानं कागद हळूच पुढं सरकवल्यासारखं झालं. ‘साइन’ आणि ‘डॉक्युमेंट’च्या मधे घालून पाहिलं, तर तिथं ते इंग्रजीला सोसत नाही, क्रियापद आणि कर्माच्या मधे ती भाषा सहसा कुणाला बसू देत नाही. राहिली एकच जागा, ‘टू क्वाएटली साइन’. तिथं अर्थाला फाटा फुटत नाही.

वकील साहेब सत्तरीचे. वाचलं आणि चष्मा काढला.

“मास्तर, ‘टू’ आणि क्रियापदाच्या मधे शब्द? आम्हाला ह्याच्यासाठी छडी बसलीय.”

खरं तर मीही शाळेत ह्याच चुकीचा अर्धा मार्क कापत आलोय. नियमाचं मूळ मात्र फार जुनं नाही. इंग्रजीत अशी रचना तेराव्या-चौदाव्या शतकापासून सापडते. कँटरबरीचे डीन हेन्री ऑल्फर्ड १८६४ मधे म्हणाले की हे इंग्रजीच्या रीतीला धरून नाही, आणि पुढं शाळामास्तरांनी तो धर्मच करून टाकला. १९२६ मधे इंग्रजी वापराचा कोश करणाऱ्या फाउलरनं लिहिलं की अर्थ दुहेरी होत असेल किंवा वाक्य ओढूनताणून केल्यासारखं वाटत असेल, तर त्यापेक्षा ‘टू’ आणि क्रियापदाची फोड परवडली. मी साहेबांना हे सगळं ऐकवलं. वर २००९ ची गोष्टही सांगितली. ओबामांना शपथ देताना अमेरिकेच्या सरन्यायाधीशांनी ‘फेथफुली’ हा शब्द जागचा हलवून मागं टाकला, आणि खबरदारी म्हणून दुसऱ्या दिवशी शपथ पुन्हा घ्यावी लागली. शब्द तेच, जागा वेगळी.

साहेब हसले. “फाउलर मी वाचलाय हो. पण समोरच्या वकिलानं नसेल वाचला. तो माझ्या इंग्रजीवर हसेल.”

मावशींचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं. “गाडी चुकंल की माझी.”

मी पुन्हा वही बघितली, आणि तेव्हा कुठं माझी खरी खोड दिसली. शाळेत डायरेक्टचं इनडायरेक्ट करायला द्यायचो, पोरांच्या जिवावर यायचं. मावशींच्या बाबतीत मी तेच केलं होतं. त्या भावाचे शब्द भावाच्याच तोंडी ठेवून, पुढं ‘म्हणून’ लावून बोलल्या होत्या. आपल्याकडं बहुतेक माणसं तशीच बोलतात. त्यामुळं गप कोण आणि ओरडलं कोण, हा घोटाळा होतच नाही. ‘मला हळूच सही करायला सांगितलं’ असं आडवळणानं म्हटलं, तर मराठीतही तो होतोच. अवतरणचिन्हं मी काढली आणि त्यांच्याबरोबर ओरडणंही गेलं. आणि ‘गप’ म्हणजे ‘क्वाएटली’ तरी कुठं? पाळण्यातलं पोर झोपतं ते क्वाएटली.

मग वाक्य असं केलं: भाऊ माझ्यावर मोठ्यानं ओरडला, ‘गप सही कर की’, म्हणजे एक शब्द न बोलता सही कर. भावाचे शब्द मराठीच, फक्त रोमन अक्षरांत. त्यापुढं इंग्रजी अर्थ, ‘विदाउट सेइंग अ वर्ड’. ‘टू’ शाबूत राहिलं, साहेबांची छडीही राहिली.

कॉम्प्युटरनं ‘सही’, ‘कर’, ‘की’ सगळ्यांखाली लाल रेघा मारल्या आणि ‘गप’ बिनतक्रार सोडला. जी, ए, पी.

“जज्ज साहेब ‘गॅप’ वाचतील,” वकील साहेब म्हणाले.

मग त्यात आणखी एक ‘ए’ घातला. ते ‘गाप’ झालं. तो काढला, शब्द तिरका केला, पुढं ‘मराठी’ असं लिहिलं. नोटरी साहेब परत आले होते. मी अकरावा परिच्छेद पहिल्यापासून वाचला.

“व्हय,” मावशी म्हणाल्या, “असंच वरडला.” मग पेन मुठीत धरलं आणि आपलं नाव मोठ्यानं म्हणत, एकेक अक्षर जोडत सही केली. पाच पानं होती. पाचही पानांवर तसंच, मोठ्यानं.