तीन महिने झाबुआला कशाला?

इंदूरच्या रामबागेत गणपतीची आरती झाली की प्रसादाबरोबर हा प्रश्न ठरलेला. "अगं डॉक्टर, आमची मुलगी बीडीएस झाली. आता इंटर्नशिपला खेड्यात पाठवतायत. दातांचं काय शिकणार तिथे?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वर्षभराच्या इंटर्नशिपमधले तीन महिने कम्युनिटी डेंटिस्ट्री आणि ग्रामीण सेवेचे असतात. बरेच जण ते शिबिराच्या बॅनरपुढे फोटो काढून संपवतात. तसंच असेल, तर काकू, मुलगी घरी राहिलेली बरी.

मी झाबुआकडच्या एका फलियात होते. फलिया म्हणजे शेतांमधून विखुरलेली भिलांची वस्ती. प्लास्टिकची खुर्ची, टॉर्च, आणि मान धरायला पेशंटचाच भाऊ. दहाएक वर्षांची मुलगी समोर बसली. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे. मी झापलं, "रोज ब्रश नहीं करती?" तिने ओठ मिटले ते मिटलेच.

शेजारी बसलेली आजी हसली. जन्मभर दातवण घासलेली बाई, दात मात्र स्वच्छ. घर एक, चूल एक. सोबत आलेले आमचे सर हळूच म्हणाले, "आजी लहानपणी पाणी कुठलं प्यायची, ते विचार."

बावडीचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं. हातपंप नंतर आला. बावडीत उतरून भरलेलं पाणी प्यायलं की नारू, म्हणजे अंगातून जंत बाहेर येतो तो रोग, व्हायचा, म्हणून त्या भागात पंप बसवले. नारू गेला, पण खोल खडकातलं फ्लोराइड वर आलं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते नको. पुढच्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, हिरडीखालीच तयार होतं, तेही दुधाचे दात तोंडात असताना. जास्त फ्लोराइडचा डाग तेव्हाच आत बसतो. मग ब्रश कितीही घासा. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं बरं का, आकृतीसकट! पण आम्ही नर्मदेच्या नळावर वाढलेले. पेशंटला पाणी विचारायचं असतं, हे सुचलंच नाही.

आज क्लिनिकमध्ये असे दात दिसले की आधी गाव विचारते.

तेव्हा कॉलेजला एवढंच विचारा: तिथली खुर्ची चालू आहे का, आणि सोबत कोणी सीनियर जातो का.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या फलियात गेले. भिलीत माफी कशी मागतात ते वाटेत ड्रायव्हरकडून शिकून घेतलं होतं. आजी आली. मुलगी आली नाही.