बसवले किती, चालू किती?

आज कॉलेजच्या वार्षिक अहवालात 'समाजोपयोगी उपक्रम' ही स्लाइड आली. सौरदिवे बसवले, फोटो, टाळ्या. मागच्या रांगेतून प्रयोगशाळा सहायकांनी विचारलं, "गेल्या वर्षीचे चालू आहेत का?"

स्लाइड पुढे सरकली.

प्रश्न अगदी नेमका होता. पॅनेल सहज २०-२५ वर्षं टिकतं; आधी मरते ती बॅटरी. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंग आणि लोड (म्हणजे दिवा) काढून काही तास ठेवा आणि व्होल्टेज मोजा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. रोज त्याच्या बरीच खाली उतरली की प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि मग कितीही चार्ज करा, धरत नाही. हे रोखायलाच चार्ज कंट्रोलर असतो: बॅटरी फार उतरली की तो दिव्याचा पुरवठा तोडतो (कट-ऑफ). पण कोणीतरी मोबाइलसाठी थेट बॅटरीवरून वायर ओढतं आणि कंट्रोलरचा कट-ऑफ निकामी ठरतो. (त्यांना काय बोलणार? कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवरून एक यूएसबी सॉकेट आधीच द्यायला हवं होतं.)

बाकी किरकोळ: पॅनेल पुसणं, टर्मिनलवर पेट्रोलियम जेली, महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटरची पातळी. दुसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी मल्टिमीटर घेऊन हे करू शकते.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. प्रोजेक्टची बॅच पास होऊन जाते, सर्किटची आकृती त्यांच्याच लॅपटॉपमध्ये राहते आणि पुढच्या बॅचला गुण मिळतात ते नवीन काही बसवल्याचे.

तुमच्याकडे जुन्या प्रोजेक्टच्या देखभालीला गुण आहेत का? किती?